लटकणारी कोस्टर, झुलणारी कोस्टर आणि मधली एक पिन

प्रश्न दोन भागांत आला आहे. खोपोलीच्या इमॅजिका पार्कातल्या नायट्रो या रोलर कोस्टरवर पाय अधांतरी लोंबकळतात, मग तिला सस्पेंडेड कोस्टर म्हणायचं का? आणि परदेशात एकेकाळी ज्यांचे डबे खरोखर डावी-उजवीकडे मोकळे झुलायचे, त्या कोस्टर आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच का उरल्या? राइड्सची डिझाइन तपासणी आणि देखभाल यातच माझी नोकरी गेली, त्यामुळे दुसऱ्या भागाबद्दल जरा मनापासून आणि लांबून सांगतो.

पहिल्या भागाचं उत्तर लगेच देता येतं. नायट्रो सस्पेंडेड नाही. ती स्विस कंपनी बोलिगर अँड माबियार, म्हणजे बी अँड एम, हिची 'फ्लोअरलेस' जातीची कोस्टर आहे. तिथे रूळ तुमच्या खाली असतो, फक्त डब्याला तळ नसतो. स्टेशनात तुम्ही ज्या फळीवर पाय टेकवून बसता ती गाडी सुटण्याआधी बाजूला होते, म्हणून पाय मोकळे राहतात. सस्पेंडेडमध्ये रूळ डोक्यावर असतो आणि तुम्ही त्याच्या खाली टांगलेले असता. त्यातही दोन घराणी आहेत. एकात डबा बोगीला, म्हणजे रुळाला धरून पळणाऱ्या चाकांच्या सांगाड्याला, घट्ट जोडलेला असतो, रूळ जसा वळेल तसाच तो वळतो. याला आज 'इन्व्हर्टेड' म्हणतात. दुसऱ्यात बोगी आणि डबा यांच्यामध्ये रुळाच्या दिशेने बसवलेली एक पिन असते आणि तिच्याभोवती डबा मोकळा झुलतो. खरी सस्पेंडेड ती.

त्या एका पिनीने बरंच काही घडवलं आणि बरंच बिघडवलंही.

रुळाला गाडी टांगायची कल्पना करमणुकीच्या धंद्याची नाही. जर्मनीत वुपर्टाल शहरात 1901 पासून नदीवरून एका रुळाला टांगलेली शहरी रेल्वे धावते आहे, वळणावर तिचे डबे कलतात आणि लोक रोज त्यातून कामावर जातात. पण शहरी गाडी सावकाश चालते, तिची वळणं लांबलचक असतात. तीच गोष्ट वेगात आणि आखूड वळणांत करायची म्हटलं की गणित वेगळं होतं. 1975 साली आंटोन श्वार्त्सकोफ या जर्मन निर्मात्याने जत्रांमधून फिरवता येईल अशी 'आल्पेनफ्लुग' नावाची टांगलेली कोस्टर उभी केली. श्वार्त्सकोफ हा पोलादी कोस्टरच्या इतिहासातला फार मोठा माणूस, त्याच्या राइड्स आजही चालतात. पण ही मात्र ढाच्यावरच्या ताणापुढे टिकली नाही आणि लवकरच बाजूला पडली.

मग अमेरिकेतल्या ॲरो या कंपनीने हे मनावर घेतलं. ॲरोचा तेव्हाचा दबदबा समजून घ्यायला हवा. 1959 साली डिस्नेलँडमधल्या मॅटरहॉर्नसाठी त्यांनी पोलादी नळ्यांचा रूळ बनवला आणि लाकडी ढाच्याच्या जमान्याला पर्याय उभा केला. 1975 साली कॅलिफोर्नियात नॉट्स बेरी फार्मला त्यांची कॉर्कस्क्रू आली आणि माणसाला उलटं करून सुखरूप परत आणणं हा नेहमीचा व्यवहार झाला. त्यांचा मुख्य डिझायनर रॉन टूमर. त्याच्या पिढीकडे आजच्यासारखी सॉफ्टवेअर नव्हती. तारा वाकवून आकार ठरवायचा, हातांनी गणितं करायची आणि बाकीचं प्रत्यक्ष उभारल्यावर पाहायचं. त्या पद्धतीने त्यांनी जे साधलं त्याबद्दल मला आदर आहे. तिची मर्यादाही याच राइडमध्ये उघडी पडली.

26 एप्रिल 1981 रोजी ओहायोतल्या किंग्ज आयलंड पार्कमध्ये ॲरोची 'द बॅट' लोकांसाठी खुली झाली. आधुनिक म्हणावी अशी ही पहिली सस्पेंडेड कोस्टर. लोकांना ती भयंकर आवडली. अडचण एवढीच होती की ती बऱ्याचदा बंद असायची. डब्याचा झोका आवरायला बसवलेले शॉक अब्सॉर्बर झिजायचे, ब्रेकचा त्रास होता आणि वळणांवर रूळ आणि खांब यांच्यावर अपेक्षेपेक्षा जास्त ताण येत होता. 1983 नंतर ती चाललीच नाही आणि पुढे पाडून टाकली. तिचं स्टेशन तेवढं वाचलं. 1987 साली त्याच जागी आलेल्या व्होर्टेक्स या कोस्टरने ते वापरलं.

असं का झालं याचं मूळ एका वाक्यात सांगता येतं: वळणांवर रुळाला कल दिला नव्हता. विचार असा होता की डबा मोकळा झुलतोच आहे, तो वळणावर आपोआप बाहेर कलेल, मग रूळ कशाला कलवायचा? मुंबईच्या लोकलमध्ये धरायची कडी वळणावर कशी एका बाजूला तिरकी होतात ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे, डबाही तसाच कलेल अशी ती कल्पना. वरवर पाहता यात चूक काही नाही. प्रवाशाच्या बाजूने तर ती बरोबरच आहे. गाडी ताशी 45 किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटर, 12 मीटर त्रिज्येच्या वळणात शिरली असं धरा. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, म्हणजे आडवा प्रवेग 13 मीटर प्रति सेकंद वर्ग, गुरुत्वाकर्षणाच्या सव्वापटीहून थोडा जास्तच. मोकळा डबा उभ्या रेषेपासून साधारण 53 अंश कलून स्थिर होईल आणि बसलेल्या माणसाला आडवा हिसका न लागता नुसतं आपलं वजन पावणेदोन पटीच्या जवळ गेल्यासारखं वाटेल. कुल्ला सीटला घट्ट, खांदे मोकळे. झुलणाऱ्या कोस्टरचं खरं सुख हेच आहे आणि ते दुसऱ्या कुठल्याही राइडवर तसं मिळत नाही.

पण रुळाला काय वाटतं ते कोणी विचारायचं? डबा कलला म्हणून आडवा जोर कुठे नाहीसा होत नाही. माणसांसकट एक टनाचा डबा धरला तर या वळणात 13 किलोन्यूटन एवढा जोर आडवा लागतो आणि तो पिनीतून बोगीत, बोगीतून रुळात जातोच. रूळ सपाट असेल तर हा सगळा आडवा भार बाजूच्या चाकांवर येतो. बोगीला तीन प्रकारची चाकं असतात: मुख्य भार पेलणारी, बाजूने धरून ठेवणारी आणि उलट्या बाजूने अडवणारी. बाजूच्या चाकांचं काम गाडीला रुळावर सरळ ठेवण्याचं, पूर्ण वळणाचा भार सतत खाण्याचं नव्हे. शिवाय पिन रुळाच्या मध्यरेषेच्या खाली असते. ती अर्धा-पाऊण मीटर खाली असली तर आडवा जोर गुणिले ते अंतर एवढा पीळ रुळाच्या नळीवर येतो, आणि प्रत्येक डबा जाताना येतो. गाडी गेली की पीळ सुटतो, पुढची आली की परत बसतो. धातू एका मोठ्या भाराने तुटण्यापेक्षा असा लाखो वेळा ये-जा करणाऱ्या भाराने थकून तडकतो, तेही नेमका वेल्डच्या कडेला. आमच्या व्यवसायातली निम्मी काळजी या एका गोष्टीची असते.

आता तोच रूळ वळणावर 45-50 अंश कलवा. एकूण जोर, म्हणजे वजन आणि आडवा जोर यांची बेरीज, आता पिनीतून निघून थेट रुळाच्या मध्यातून मुख्य चाकांवर उतरतो. बाजूची चाकं मोकळी होतात, पीळ जवळजवळ नाहीसा होतो. वेग रोज सारखा नसतो. सकाळी गार हवेत चाकं जड फिरतात, दुपारी गाडी पळते, भरलेली गाडी रिकामीपेक्षा जोरात येते. हा जो फरक उरतो तेवढाच झोक्याने भरून काढायचा. कल मुख्यतः रुळाने द्यायचा आणि वरचा हिशेब पिनीने पुरा करायचा, ही समज द बॅटच्या अपयशातून आली. ॲरोच्या पुढच्या सगळ्या सस्पेंडेड कोस्टरची वळणं कललेली आहेत.

दुसरी गोष्ट वेळेची, आणि मला ती कलापेक्षाही रंजक वाटते. टांगलेला डबा हा लंबक आहे आणि लंबकाला स्वतःचा एक ठेका असतो. पिनीपासून वस्तुमानाचा मध्य दोन मीटर खाली धरला तर एक पूर्ण झोका साधारण 2.8 सेकंदांचा होतो. सरळ रुळावरून गाडी एकदम 12 मीटरच्या वळणात घुसवली तर डबा 53 अंशांवर जाऊन शहाण्यासारखा थांबत नाही. आवरणारं काही नसेल तर तो तेवढाच पलीकडे जातो, म्हणजे कागदावर शंभर अंशांच्या पुढे, आडव्या रेषेच्याही वर. प्रत्यक्षात त्याआधीच तो अडथळ्याच्या रबरावर आपटतो. वळणातून बाहेर पडताना परत तेच, उलट दिशेने. म्हणून वळणात शिरताना वक्रता हळूहळू वाढवावी लागते आणि शॉक अब्सॉर्बर लागतात. आता एकामागोमाग डावं-उजवं वळण ठेवलं आणि दोन वळणांमधलं अंतर अर्ध्या झोक्याच्या वेळेशी जुळलं, साडेबारा मीटर वेगाला ते जेमतेम 17-18 मीटर भरतं, तर प्रत्येक वळण आधीच्या झोक्याला आणखी ढकलतं. ते थोडं हवंच असतं, कारण त्यातच मजा आहे. जास्त झालं की शॉक अब्सॉर्बर महिनाभरात संपतात. त्यात आणखी एक गुंता आहे. वळणात वजन वाढलेलं असतं म्हणून लंबकाचा ठेकाही बदलतो, वरच्या उदाहरणात 2.8 सेकंदांचा झोका 2.2 वर येतो. म्हणजे एकच आकडा धरून आखणी करता येत नाही, गाडी मीटरमीटरने पुढे सरकवत हिशेब करावा लागतो. आज संगणकाला हे काही मिनिटांचं काम आहे. 1980 साली ते हाताने करणाऱ्यांना दोष देणं मला बरोबर वाटत नाही.

1984 साली ॲरोने दोन सस्पेंडेड कोस्टर दिल्या. ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोवर्ल्डमध्ये एक्सएलआर-8 आणि व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गच्या बुश गार्डन्समध्ये बिग बॅड वुल्फ. दुसरीबद्दल थांबून सांगायलाच हवं, कारण झुलणाऱ्या डब्याचा उपयोग कसा करायचा हे त्या राइडने दाखवलं. तिचा सर्वाधिक वेग ताशी 77 किलोमीटर, आजच्या मानाने काहीच नाही. उंचीही मामुली. पण पहिल्या चढानंतर ती एका बव्हेरियन गावाच्या देखाव्यातून जायची, घरांच्या भिंतींना घासून जातेय असं वाटेल इतक्या जवळून. डबा वळणावर बाहेर फेकला जातो, तो नेमका भिंतीच्या दिशेने जातो आणि शेवटच्या क्षणी आत येतो. मग दुसरा चढ, आणि वरून सुमारे 30 मीटर खाली पाण्याच्या दिशेने झेप घेऊन नदीवर एक झुकतं वळण. घरं कुठे बांधायची, छपराची वळचण किती बाहेर काढायची, हे सगळं डबा जास्तीत जास्त झुलला तर कुठवर पोचेल त्या कमानीवरून ठरतं. त्या कमानीत हात-पाय ताणलेला माणूसही धरायचा असतो. वेगाने मिळत नाही ती भीती इथे जवळिकीने मिळते, आणि जवळीक दाखवायची तर झोक्याची सीमा सेंटिमीटरमध्ये माहीत असावी लागते. 7 सप्टेंबर 2009 रोजी ही राइड बंद झाली. 2012 साली त्या जागी आलेल्या व्हरबोल्टेनने शेवटची नदीकडची झेप मुद्दाम त्याच ठिकाणी ठेवली. पार्कवाल्यांनाही तिचं मोल कळत होतं, एवढं त्यातून दिसतं.

पुढच्या काही वर्षांत या जातीला बरे दिवस आले. ओहायोतल्याच सीडर पॉइंट पार्कची आयर्न ड्रॅगन 1987 ची, कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटनची निंजा 1988 ची. निंजा डोंगरउतारावर झाडांमधून खाली पळते आणि शेवटी दुसऱ्या साखळीने वर स्टेशनात येते. जमिनीचा उतार वापरल्याने ढाचा बुटका राहिला आणि वेग ताशी 88 किलोमीटरपर्यंत गेला, झुलणाऱ्या जातीत तो फार झाला. 1990 साली इंग्लंडच्या चेसिंग्टनला व्हँपायर, 1991 साली टोरंटोजवळच्या कॅनडाज वंडरलँडला व्होर्टेक्स (किंग्ज आयलंडची नव्हे, नाव तेवढं एक). शेवटची 1993 ची, पुन्हा किंग्ज आयलंडमध्येच, तेव्हाचं नाव टॉप गन.

तिचं उद्घाटन होईपर्यंत मात्र खेळ बदलला होता. 9 मे 1992 रोजी शिकागोजवळच्या सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अमेरिकात बॅटमॅन: द राइड सुरू झाली होती. या पार्कचे तेव्हाचे प्रमुख जिम विंट्रोड स्वतः अभियांत्रिकीची जाण असलेले होते. टांगलेली गाडी पूर्ण उलटी करता येईल का, हा विचार त्यांनी लावून धरला. बनवली वॉल्टर बोलिगर आणि क्लॉड माबियार यांनी. दोघे आधी स्वित्झर्लंडच्या जियोव्हानोला कंपनीत होते आणि 1988 साली त्यांनी स्वतःचा उद्योग काढला. आकाराचं गणित म्युनिकच्या वेर्नर श्टेंगेल यांचं.

त्यांनी काय केलं? पिन काढून टाकली. डबा बोगीला घट्ट. कलायचं सगळं काम रुळाकडे. द बॅटला जे जमलं नव्हतं त्याचं हे दुसऱ्या टोकाचं उत्तर होतं आणि त्या एका निर्णयाने दारं उघडली. मोकळा झुलणारा डबा गोल लूपमध्ये नेता येत नाही, कारण तिथे तो कुठे असेल याची खात्री देता येत नाही. घट्ट डब्याला ती अडचण नाही. बॅटमॅन साधारण 30 मीटर उंच, वेग ताशी 80 किलोमीटर, आणि पाच वेळा प्रवाशांना डोकं खाली करून नेते. एका ओळीत चार माणसं. तळ नाही, पुढे डबा नाही, पाय सरळ हवेत.

इथे एक बारकावा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. साध्या कोस्टरच्या लूपमध्ये माणूस लूपच्या आत असतो. इन्व्हर्टेडमध्ये तो लूपच्या बाहेर असतो, कारण रूळ डोक्यावर आहे. वरच्या टोकाला रुळाची त्रिज्या 6 मीटर आणि माणसाची छाती त्यापासून दीड मीटर बाहेर असेल, तर छातीला लागणारा वर्तुळाकार गतीचा प्रवेग रुळापेक्षा 25 टक्के जास्त भरतो. साध्या कोस्टरमध्ये तो रुळापेक्षा कमी असतो. म्हणजे जुन्या लूपचा आराखडा उलटा टांगून चालत नाही, नवाच लागतो. यावर उपाय असा की आखणी रुळापासून सुरू करायचीच नाही. आधी हवेत माणसाच्या हृदयाचा मार्ग काढायचा, तो हवा तसा गुळगुळीत करायचा आणि मग त्याच्याभोवती रूळ वळवायचा. श्टेंगेल यांच्या कामाचा हा गाभा. बॅटमॅनचा झीरो-जी रोल, म्हणजे क्षणभर वजनच नाहीसं झाल्यासारखं वाटणारी गिरकी, खालून पाहिला तर रूळ वेड्यासारखा पिळलेला दिसतो, पण बसलेल्याची छाती एका साध्या कमानीतून जात असते, आणि म्हणून मान हिसकत नाही.

याचा उत्तम नमुना म्हणून मी नेहमी इंग्लंडमधल्या आल्टन टॉवर्सची नेमेसिस सांगतो. तिथे झाडांच्या शेंड्यांवर काही बांधायची परवानगी नव्हती. जॉन वॉर्डली आणि त्यांच्या चमूने मग खडक फोडून खड्डा केला आणि कोस्टर त्यात बसवली. 1994 साली ती सुरू झाली. जमिनीवरची उंची फक्त 13 मीटर, पण खड्ड्यामुळे उतार 30 मीटरच्या पुढचा. लांबी 716 मीटर, चार उलट्या, म्हणजे चार ठिकाणी गाडी माणसाला डोकं खाली करून नेते. उंची मिळाली नाही म्हणून वळणं आखूड झाली आणि जोर सतत अंगावर राहिला, दगडाच्या भिंती पायाशी आल्या. बंधन नसतं तर ती एवढी चांगली झाली असती असं मला वाटत नाही. 2022 च्या नोव्हेंबरात ती बंद करून बराचसा रूळ नवा घातला आणि 2024 साली पुन्हा सुरू केली. लोकप्रिय राइडचा आकार तसाच ठेवून रूळ बदलणं हा खर्चिक निर्णय असतो. तो घेतला गेला याचा मला आनंद आहे.

त्याच 1994 साली डच कंपनी व्हेकोमाने स्वस्त पर्याय आणला, सस्पेंडेड लूपिंग कोस्टर. पहिली नेदरलँड्समधल्या वालिबीला, एल कॉन्डोर नावाची. नावात सस्पेंडेड असलं तरी डबा झुलत नाही, ती इन्व्हर्टेडच. एका ओळीत दोनच माणसं, 689 मीटरचा तयार साचा, कमी जागेत पाच उलट्या. जगभर ती खपली आणि जगभर लोकांनी कान चोळत तिच्यातून बाहेर पाऊल टाकलं. एका वळणातून दुसऱ्यात जाताना रुळाचा पीळ पुरेसा अलगद नसला की डोकं खांद्यावरच्या टणक हार्नेसवर आपटतं. पुढे काही ठिकाणी अंगावर जाकिटासारखे बसणारे मऊ हार्नेस असलेल्या नव्या गाड्या आल्या आणि त्रास बराच कमी झाला. व्हेकोमाने नंतर रूळ वळवायची पद्धतही सुधारली, त्यांच्या आजच्या राइड्स वेगळ्याच दर्जाच्या आहेत. 2002 साली चेसिंग्टनच्या व्हँपायरला व्हेकोमाच्याच नव्या, तळ नसलेल्या गाड्या बसवल्या. रूळ ॲरोचा, गाड्या व्हेकोमाच्या.

आता देखभालीचं. डोक्यावर रूळ असला की रोजचं काम अवघड होतं. साध्या कोस्टरची चाकं गुडघ्याच्या उंचीवर येतात, इथे ती हात वर करून पाहावी लागतात. बेअरिंगमधून गळलेलं ग्रीस जमिनीवर पडण्याऐवजी लोकांच्या कपड्यांवर पडतं. तेवढ्यावरून तक्रारी येतात, पण आम्ही त्या ठिपक्याकडे कपड्यासाठी नाही, सील गेलं का म्हणून पाहतो. झुलणाऱ्या जातीत सगळं लक्ष पिनीवर आणि तिच्या बुशवर, म्हणजे पिन ज्यात फिरते त्या नळीवर. पिन बाहेरून चकचकीत दिसते आणि आत बुश एका अंगाने अंड्यासारखं झिजलेलं असतं. डबा हाताने हलवला तर झोका सुरू होण्याआधी एक बारीकसा 'टक' येतो, तो कानापेक्षा तळहाताला आधी कळतो. मग पिन काढायची, साफ करायची, रंगीत द्रव फासून पुसायचा आणि पांढऱ्या पावडरीवर तडा लाल रेघेने उमटतो का ते पाहायचं. टांगलेल्या डब्याचं वजन कायम या सांध्याला खाली ओढत असतं. म्हणून मुख्य पिनीशिवाय दुसरा आधार असलाच पाहिजे, पिन गेली तरी डबा खाली येता कामा नये. गाडी मध्येच अडकली तर बाहेर काढणंही वेगळं. पाय टेकवायला काही नाही, म्हणून कुठल्या जागी गाडी थांबू शकते ते आधीच ठरवून तिथे चढती फळी किंवा लिफ्टची सोय लागते. हे डिझाइनच्या पहिल्याच महिन्यात ठरलं पाहिजे, राइड उभी राहिल्यावर नाही.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. टांगलेल्या कोस्टरच्या खालची कुंपणं ओलांडू नका. साध्या कोस्टरखाली गाडी डोक्यावरून जाते, तिच्याखाली लोखंड असतं. इथे गाडीच्या खाली माणसांचे पाय असतात, ते ताशी 80-100 किलोमीटर वेगाने येतात आणि राइड कमी उंचीवरून जाते ती मुद्दामच. 2008 साली अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या, त्याच नावाच्या दुसऱ्या बॅटमॅनखाली, 2015 साली सीडर पॉइंटच्या रॅप्टरखाली आणि 2024 साली किंग्ज आयलंडच्या बॅन्शीखाली असे बंदी असलेल्या भागात शिरलेले लोक मेले. रॅप्टरखाली मेलेला माणूस फोन आणायला गेला होता, बॅन्शीखाली मेलेला किल्ल्या आणायला. ऑपरेटरला सांगितलं तर पार्क बंद झाल्यावर वस्तू मिळते. वरून पडणाऱ्या वस्तूही तितक्याच वाईट. फ्लोरिडात आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचरमध्ये 1999 सालच्या ड्युएलिंग ड्रॅगन्समध्ये दोन इन्व्हर्टेड गाड्या समोरासमोर येऊन अगदी जवळून जायच्या. सुटलेल्या वस्तूंनी प्रवासी जखमी झाल्यावर 2011 पासून त्या एकाच वेळी सोडणं बंद केलं. दोन गाड्यांच्या एकत्रित वेगाने समोरून आलेली छोटी वस्तूही डोळा घेऊन जाऊ शकते. खिसे रिकामे करायला सांगतात ते यासाठी.

तर झुलणाऱ्या कोस्टर कमी का उरल्या? माझ्या मते मुख्य कारण पैशाचं आणि जाहिरातीचं आहे, धोक्याचं नाही. कल दिलेल्या रुळावरच्या ॲरोच्या सस्पेंडेड राइड्सनी दशकानुदशकं लोकांना नेलं. पण दर डब्याला पिन, बुश, शॉक अब्सॉर्बर यांची जास्तीची देखभाल लागते, आणि पाच उलट्यांची जाहिरात करता येते तशी मोकळ्या झोक्याची करता येत नाही, तो बसल्याशिवाय कळत नाही. शिवाय ॲरो स्वतःच बुडाली, 2002 साली तिची मालमत्ता एस अँड एस कंपनीने घेतली. सुटे भाग बनवून घेणं प्रत्येक पार्कच्या स्वतःच्या वर्कशॉपवर आलं. 2014 साली किंग्ज आयलंडने एका हंगामात दोन गोष्टी केल्या. जुन्या टॉप गनला, जिचं मधल्या काळात फ्लाइट डेक नाव झालं होतं, पुन्हा 'द बॅट' हे नाव दिलं, आणि त्याच पार्कात बॅन्शी ही सव्वा किलोमीटरहून लांब, सात उलट्यांची बी अँड एम इन्व्हर्टेड उघडली. दोन्ही घराणी एका आवारात पाहायची असतील तर त्यासारखी जागा नव्हती.

आज नवी झुलणारी कोस्टर बनवता येईल का, हा प्रश्न मग उरतोच. येईल. झोक्याचं गणित संगणकावर सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत सोडवता येतं. तेलाच्या शॉक अब्सॉर्बरऐवजी चुंबकाने झोका आवरता येतो, त्यात झिजायला काही नसतं, आणि झोका जितका जोरात तितका विरोध आपोआप वाढतो. पिनीच्या बुशसाठी आजचे पदार्थ जास्त टिकतात. माझ्यावर सोपवलं तर मी ती उंच करणार नाही. डोंगरउतार घेईन, झाडं ठेवीन, वेग ताशी 70 च्या आसपास, पहिलं वळण मोठ्या त्रिज्येचं आणि पूर्ण कललेलं, मग डावं-उजवं अशी तीन वळणं, दर वेळी झोका थोडा वाढेल अशा अंतरावर, आणि चौथं त्याला शांत करेल अशा जागी. सह्याद्रीच्या उतारावर असली जागा शोधायला फार फिरावं लागणार नाही, फक्त पावसाळ्यातल्या चार महिन्यांचं गंजणं आधी हिशेबात धरायला हवं. पिनीला झाकण आणि ग्रीसची नळी बाहेरून, म्हणजे पावसातही ती रोज भरता येईल.

बसायला जाणार असाल तर शेवटचा डबा मागून घ्या. पुढचे डबे वळणातून बाहेर पडून सावरत असताना मागचा अजून झोक्यात असतो, आणि ही राइड तिथेच सगळ्यात चांगली कळते.